पत्रकारितेत पोट भरते का, मॅडम?

"पोट्टी बीएस्सी झाली. आता म्हणते, पर्यावरणाची पत्रकार होतो. डाटा का काय ते. त्यात पोट भरते का, मॅडम?"

मी करिअरचा सल्ला देते. समोरचे वडील वणी या कोळसा खाणींच्या भागातले, कापूसवाले. पत्रकारितेचं नाव निघालं की पालक हेच विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. पहिल्या महिन्यापासून ठरावीक पगार हवा असेल तर या वाटेला जाऊ नये, असं मी स्पष्ट सांगते. डाटासाठी, म्हणजे आकडेवारीतून बातमी काढण्यासाठी, वेगळी माणसं ठेवणारी वर्तमानपत्रं मोजकीच; बाकीचं काम बातमीमागे मानधन किंवा फेलोशिपवर चालतं.

मुलीनं लॅपटॉप उघडला. पर्यावरण मंजुरीच्या अटी पाळल्याचा अहवाल खाणींना दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. केंद्र सरकारच्या २००६च्या अधिसूचनेनुसार तो सार्वजनिक असतो. तिनं एका खाणीचे लागोपाठचे दोन अहवाल एक्सेलमध्ये शेजारी-शेजारी मांडले होते. धुळीचे आकडे दशांशापर्यंत सारखे.

वडील वाकून पाहू लागले. "हा पावसाळ्याचा ना? भर चिखलात धूळ तेवढीच? आमची रस्त्याकडची कापसाची तासं काळी पडते, व्यापारी भाव पाडते, ते कायच्यानं मग?"

"मग चोरी पकडलीस का?" मी मुलीला विचारलं. नाही म्हणाली, कोणी जुनाच तक्ता चिकटवला असेल. माहिती अधिकारात प्रयोगशाळेचे मूळ अहवाल मागणार: १० रुपये, ३० दिवस, नाही दिले तर अपील. कल म्हणतात तो मला इथे दिसला. नुसती तळमळ असलेली मुलं बरीच येतात, ती सहसा इथपर्यंत पोचत नाहीत.

मग ठरलं असं: आधी संख्याशास्त्रात एमएस्सी. सोबत क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर शिकायचं, ते फुकट आहे. सेंटिनेल उपग्रहाची चित्रंही फुकट मिळतात. बातम्यांवर भागलं नाही, तर याच कौशल्यावर संशोधन संस्थांत किंवा पाणलोटाच्या कामात नोकरी शोधता येते. पहिली दोन-तीन वर्षं असा दुसरा आधार हवाच.

आई तोवर गप्प होती. "खाणवाल्यायनं काही केलं त?"

हा प्रश्न पगाराहून अवघड. गावातल्या एकट्या बातमीदारामागे कोणी नसतं. म्हणून सुरुवात अनुभवी संपादकाच्या हाताखाली करायची, छापण्याआधी कंपनीचं म्हणणं लेखी मागायचं, कागदांच्या प्रती दुसऱ्याकडेही ठेवायच्या. खाणीकडे भाऊ सोबत जाईल, असं आईनं परस्पर ठरवून टाकलं. मुलीला ते मुळीच पटलं नाही. जिना उतरेपर्यंत दोघींची जुंपलेली ऐकू येत होती.