कंपनी लीडरशिप कोच देते आहे. प्रॉडक्ट मॅनेजरला त्याचा खरंच उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सात वर्षं प्रॉडक्ट मॅनेजर (म्हणजे प्रॉडक्टमध्ये काय बनवायचं आणि काय नाही, ते ठरवायचं काम), नुकतीच बढती, हाताखाली चार माणसं, आणि एचआरने सहा महिन्यांसाठी कोच देऊ केलाय. 'माझ्यात काही कमी दिसलं म्हणून देतायत का? आणि ज्याने जन्मात एक फीचर बाजारात आणलं नाही, तो मला काय शिकवणार?'

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तीन वर्षांपूर्वी मीही अगदी हेच म्हणत होते, तेही कँटीनमध्ये, चारचौघांत.

मी पुण्यात ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत आहे. बिल्टी, ई-वे बिल, गाडीचं भाडं, माल पोचल्याची सही, असा सगळा संसार. मला मिळालेले कोच चेन्नईचे, पंचावन्नच्या पुढचे, निम्मं आयुष्य कारखान्यात काढलेले. ओळखीच्या पहिल्याच कॉलवर त्यांनी विचारलं, 'बॅकलॉग म्हणजे नक्की काय?' करायच्या कामांची यादी, आमच्या धंद्यातला अगदी पहिला शब्द. कॅमेरा बंद असता तर मी कपाळावर हात मारला असता.

तर पहिली गोष्ट ही, की कोच शिकवत नाही. किंमत कशी ठरवायची, ग्राहकांच्या मुलाखती कशा घ्यायच्या, कुठला आकडा पाहायचा, हे शिकायचं असेल तर चार पावलं पुढे असलेला प्रॉडक्टवाला गाठा. मी माझ्या जुन्या बॉसना अजून फोन करते, आणि त्या कामात कोच शून्य उपयोगाचे होते. कोच बघतो ते तुम्ही माणसांशी कसे वागता ते. सिलिकॉन व्हॅलीतल्या बिल कॅम्पबेल यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. स्टीव्ह जॉब्ज आणि एरिक श्मिट यांच्यासारखी माणसं त्यांचा सल्ला घ्यायची. गृहस्थ मूळचे अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक. कोलंबिया विद्यापीठाच्या संघाने त्यांच्या हाताखाली 12 सामने जिंकले आणि 41 हरले. (हे कळल्यावर माझ्या कोचबद्दलचा माझा राग बराच निवळला.)

आमची सुरुवात तिघांच्या बैठकीने झाली: मी, माझा मॅनेजर आणि कोच. सहा महिन्यांत काय बदललेलं दिसायला हवं, हे तिथे ठरलं. आणि कोच कंपनीला काय सांगणार, हेही. मी किती सेशनना हजर राहिले एवढंच ते सांगणार होते. बाकी काही सांगायचं तर मी माझ्या तोंडाने. हे आधी ठरवून घ्या, शक्यतो लेखी. पैसे कंपनी देते, त्यामुळे हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा काही नाही, आणि चांगला कोच तुम्ही विचारायच्या आत स्वतःच विषय काढतो.

मग त्यांनी माझ्याभोवतीच्या नऊ जणांशी बोलून एक अहवाल आणला. कोण काय म्हणालं हे त्यात नव्हतं, पण दोन वाक्यं वाचताक्षणी कुणाची ते मला कळलं. एक डेव्हलपरांकडून आलं होतं: 'ती आमच्यासाठी भांडत नाही. पोस्टमनसारखी सगळ्यांची पत्रं आणून टाकते.' दुसरं सेल्सकडून: 'तिच्याकडून उत्तर काढणं म्हणजे सरकारी फाईल.' मी दोन दिवस नीट जेवले नाही. आणि गंमत अशी, की या दोन तक्रारी एकाच दुखण्याच्या आहेत हे मला तेव्हा दिसलंच नाही. मला वाटलं, दोन्हीकडून मार खाणं हेच प्रॉडक्टवाल्याचं नशीब.

चौथ्या सेशनच्या आधी ते आमच्या तिमाही प्लॅनिंगच्या मीटिंगला कॅमेरा बंद करून बसले. नंतर मला एवढंच म्हणाले, 'तासाभरात तुम्ही एक शब्द अकरा वेळा वापरला. बघते. त्याचा अर्थ काय?'

माझ्याकडे इंग्रजी उत्तर तयार होतं. आमच्या धंद्यात ते नेहमी तयार असतं: स्टेकहोल्डर, अलाइनमेंट, प्रायॉरिटी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'हेच घरी आईला सांगायचं असेल तर कसं सांगाल? तुमच्या भाषेत सांगा, मला नाही कळलं तरी चालेल.'

मी म्हणाले, 'मला भीड पडते.'

आणि मग मला त्याचं इंग्रजी करता येईना. भीती म्हणावं तर सेल्सच्या साहेबांची मला भीती अजिबात वाटत नव्हती. आदर म्हणावं तर, खरं सांगायचं झालं, तोही यथातथाच. ज्या माणसाशेजारी उद्या डबा उघडायचाय त्याला तोंडावर नाही म्हणायचं जिवावर येतं, ते. पाच मिनिटं मी ते समजावत होते, आणि समजावता समजावता मला माझंच रोडमॅप, म्हणजे पुढे काय काय बनवायचं त्याचा आराखडा, दिसायला लागलं. नऊ डेव्हलपर आणि 31 कामं. त्यातली निम्मी कुणाच्या तरी भिडेपोटी घेतलेली. एका ग्राहकाला बिल अशा छापात हवं, दुसऱ्याला तशा. आमच्याकडे बिलाचे चौदा छाप झाले होते आणि दर महिनाअखेरीला त्यातला एखादा मोडायचा. 'भीड भिकेची बहीण' हे आजी उठता-बसता म्हणायची. ती म्हण माझ्या नोकरीबद्दल असेल असं कधी वाटलं नव्हतं.

त्यांनी काम दिलं: पुढच्या पंधरा दिवसांत एकच नकार. लहानसा.

तो मी दिला. भिवंडीतल्या एका ग्राहकाला पंधरावा छाप हवा होता. मी सेल्सच्या साहेबांना कारण सांगून 'या तिमाहीत नाही' म्हणाले. अर्ध्या तासात ते आमच्या संस्थापकांकडे गेले आणि संध्याकाळी मला निरोप आला: करून टाक. पुढच्या सेशनला मी जवळजवळ खुशीत गेले, 'बघा, मी सांगत नव्हते?' म्हणायला.

कोचनी विचारलं, 'तुमचा नकार त्यांना कळायला किती वेळ लागला?'

'लगेच कळला.'

'आणि "बघते" म्हणायचात, तेव्हा?'

मी हिशेब केला. पाच-सहा आठवडे. तेवढे दिवस सेल्सचे साहेब बिचारे ग्राहकाला 'होतंय, होतंय' सांगत असायचे आणि शेवटी तोंडघशी पडायचे. सरकारी फाईल. मी त्यांना दुखवत नाही अशी माझी समजूत होती. खरं तर तो नकार मी कर्जासारखा सव्याज पुढे ढकलत होते, आणि व्याज डेव्हलपर भरत होते.

त्यानंतरच्या तिमाहीपासून रोडमॅपला शेवटी एक पान जोडायला लागले: 'या तिमाहीत न करायच्या गोष्टी', समोर कारण, आणि पुन्हा कधी विचार होईल ती तारीख. ज्या दिवशी ठरेल त्याच दिवशी ते सेल्सकडे जातं. 31 चे 17 व्हायला दोन तिमाही लागल्या. सेल्सचे साहेब अजून कुरकुरतात, पण आता ते वर जाण्याआधी मला फोन करतात. पंधरावा छाप आजही चालू आहे; त्या दिवशीचा निर्णय काही फिरला नाही. आणि कोचनी रोज डायरी लिहायला सांगितलं होतं, ते मी चार दिवसांच्या वर केलं नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. नुकतीच बढती मिळालेल्यांना कोच देणं ही नेहमीची पद्धत आहे, तेव्हा त्यात कमीपणा शोधू नका. मात्र लेखी ताकीद किंवा 'सुधारणेसाठी 90 दिवस' असलं काही चालू असताना कोच पुढे केला, तर आधी मॅनेजरला सरळ विचारा की निर्णय झालाय का. निर्णय झाला असेल तर ती सहा महिन्यांची सेशनं दोघांचाही वेळ घालवतात. आणि झोप उडालीय, सकाळी ऑफिसच्या विचाराने छातीत धडधडतंय, अशी अवस्था असेल तर कोचकडे नको, डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जा. कोचचं ते शिक्षण नसतं.

माणूस कसा निवडायचा? स्वतःला कोच म्हणवून घ्यायला आपल्याकडे कुठलाही सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे शनिवार-रविवारचा कोर्स करून पाटी लावणारे भरपूर. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन नावाची 1995 साली सुरू झालेली संस्था आहे, तिच्या तीन पायऱ्या आहेत: एसीसीला किमान 100 तास कोचिंग केलेलं लागतं, पीसीसीला 500, एमसीसीला 2,500. पदवी म्हणजे हमी नव्हे, पण एवढे तास समोरच्याचं ऐकून घेतलेला माणूस निदान मधे तोंड घालत नाही. कंपनी सहसा दोन-तीन नावं देते. प्रत्येकाशी अर्धा तास बोला. जो त्या अर्ध्या तासात तुमच्यापेक्षा जास्त बोलेल, तो सोडून द्या. माझ्या यादीतल्या एका बाईंनी वीस मिनिटं स्वतःच्या ग्राहकांची नावं ऐकवली होती.

स्वतःच्या खिशातून घ्यावा का, असं खाली कुणी विचारेलच. मी नंतर चार सेशन घेतली, तासाला 6,000 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी. नेमका प्रश्न हातात होता म्हणून परवडलं. 'जरा लीडरशिप सुधारायची आहे' एवढ्यावर मी तेवढे पैसे घातले नसते.

तुमचा ओळखीचा कॉल मंगळवारी आहे म्हणता. गेल्या दोन आठवड्यांचं कॅलेंडर उघडून बसा. ज्या मीटिंगमधून बाहेर पडताना स्वतःवर चिडला होतात, तिच्यावर खूण करा, आणि तेवढी एकच घेऊन जा. उरलेलं कोचच विचारतील.