६० बॅगांची ऑर्डर आणि बारावीतली मुलगी

ताई, सप्रेम नमस्कार.

मुलुंडहून पाठवलेले तुमचे पत्र मिळाले. बारावी कला शाखेत शिकणाऱ्या तुमच्या १७ वर्षांच्या मुलीने कॅनव्हासची एक बॅग स्वतः शिवली. फोर्टमधल्या एका दुकानाच्या मालकीणबाईंना ती आवडली आणि मुंबईच्या रोजच्या जगण्यावर आधारलेल्या ६० बॅगा दिवाळीपर्यंत तिच्या नावाने विक्रीला आणण्याचा प्रस्ताव त्यांनी ठेवला. आता प्रवेश परीक्षांची तयारी सोडून सरळ स्वतःचा ब्रँड उभा करावा का, असे तुम्ही विचारले आहे.

त्या प्रश्नाआधी मला तुमच्या पत्रातल्या दुसऱ्याच एका ओळीबद्दल बोलायचे आहे. चार पानांच्या पत्रात मुलीचे स्वतःचे असे एकच वाक्य आहे: ‘मला आता त्या बॅगेकडे बघवत नाही.’ पुढच्याच ओळीत तुम्ही ‘वयच तसे आहे’ असे लिहून दुकानाच्या तारखांकडे वळला आहात. तिच्या नावाचे इन्स्टाग्राम पान तुम्ही उघडलेत, दुकानाशी बोलणी तुम्ही केलीत आणि रात्री अकरापर्यंत तिच्याबरोबर नमुने काढायला बसता, तेही तुम्हीच. तुम्हाला स्वतःला जे. जे. कला महाविद्यालयात जायचे होते आणि घरच्यांनी बँकेच्या परीक्षेला बसवले, हेही तुम्ही मोकळेपणाने लिहिले आहे. ते दुःख खरे आहे, आणि ते मी हलके लेखत नाही. परंतु त्याची भरपाई मुलीकडून मागता येणार नाही. मुलांना कलेकडे जाऊ न देणारे पालक चटकन ओळखू येतात, कारण त्यांच्या घरात निदान भांडण तरी होते. तुमच्या घरात सगळेच कौतुकाच्या सुरात चालले आहे, त्यामुळे ‘नको’ म्हणायला तिला जागाच उरलेली नाही. जी मुलगी आपणहून मशीनवर बसत होती, तिला महिन्याभरात तीच वस्तू नकोशी झाली, हे वयाचे लक्षण आहे असे मला वाटत नाही.

तिच्या बॅगेचे तुम्ही केलेले वर्णन मात्र मला फार आवडले. कॉलेजला जाताना लेडीज डब्यात शिरण्याआधीच बायका खांद्यावरची बॅग पोटावर घेतात, हे तिने पाहिले आणि म्हणून चेन अंगाकडच्या बाजूला लावली. एक हात कडीला असताना दुसऱ्या हाताने उघडता यावा, असा पासाचा कप्पा तिने केला. या बॅगेवर मुंबईचे एकही चित्र नाही, आणि तरीही मुंबईत राहिल्याशिवाय कोणाला सुचणार नाही अशी ती बॅग आहे. दुकानाला आता चेन बाहेरच्या बाजूला हवी आहे, कारण फोटोत ती उठून दिसते, आणि वर जुनी लाल डबलडेकर हवी आहे. बेस्टची ती जुनी गाडी सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची गेली, तेव्हापासून तिच्या आठवणीला बाजारात भाव आला आहे, हे दुकानाच्या दृष्टीने बरोबरही असेल. पण या बदलांनंतर त्या बॅगेत तुमच्या मुलीचे असे काही राहत नाही. कदाचित तिला बघवत नाही ती बदललेली बॅग असेल. तुम्ही तिला हे विचारले आहे का?

‘तिने फक्त चित्र द्यायचे, शिवायला धारावीतला कारागीर आहे’ असे तुम्ही लिहिता. या क्षेत्राविषयीचा हा सर्वांत जुना गैरसमज आहे, आणि तो आपल्याकडे शिकलेल्या घरांत अधिक आढळतो. बॅगेचे डिझाइन कागदावर सुरू होते, पण ठरते ते फर्मा, म्हणजे भागांचा साचा, कापताना, अस्तर कुठे दुमडायचे आणि पट्ट्याचा सगळा भार कोणत्या टाक्यांवर येणार हे पाहताना. वजन भरल्यावर पट्टा मुळातून उसवला, तर चूक कारागिराची की चित्र काढणाऱ्याची, हे ज्याला सांगता येत नाही त्याला डिझायनर म्हणणे घाईचे आहे. २०१५च्या कायद्याने राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि धारावीतल्या चर्मकारांचे काम घटले. त्यानंतर सुधीर राजभर या कलावंताने ‘चमार’ या नावाने त्यांच्याबरोबर टाकाऊ रबरापासून बॅगा घडवल्या. ते काम कारागिरांच्या शेजारी बसून झाले आहे. तुमच्या मुलीला तर शिवण येते. जे तिच्याजवळ आहे, तेच तुम्ही तिच्याकडून काढून घेत आहात.

व्यवहाराचेही सांगतो. ती १८ वर्षांची होईपर्यंत तिच्या सहीच्या कराराला कायद्यात आधार नाही, म्हणजे सही तुमची आणि जबाबदारीही तुमचीच. ‘माणसे चांगली आहेत, कागद कशाला’ हे तुमचे म्हणणे मला अजिबात मान्य नाही. ज्या डिझाइनची नोंदणी करता येते पण केलेली नाही, त्याच्या ५०हून अधिक प्रती औद्योगिक प्रक्रियेने निघाल्या की त्यावरचा कॉपीराइट संपतो, अशी १९५७च्या कॉपीराइट कायद्यात तरतूद आहे, आणि तुमची ऑर्डर ६० नगांची आहे. डिझाइन कायद्याखालची नोंदणी मूळ १० वर्षांची असते, पण ती वस्तू लोकांसमोर येण्यापूर्वी अर्ज करावा लागतो. तुम्ही मात्र छायाचित्रे आधीच इन्स्टाग्रामवर टाकली आहेत. निदान पुढचे नमुने तरी टाकू नका, आणि सही करण्यापूर्वी या विषयातल्या वकिलाला कागद दाखवा. कारागिराची मजुरी किती आणि त्याचे नाव लेबलवर येणार की नाही, हेही त्या कागदात असू द्या.

परीक्षांचे मार्ग तुम्हाला ठाऊकच आहेत: निफ्ट आणि एनआयडी या डिझाइन संस्थांच्या प्रवेश परीक्षा, आणि डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबईकडून घेतली जाणारी यूसीड. यूसीड लागोपाठच्या दोन वर्षांतच देता येते, तेव्हा एक संधी सहज वाया घालवू नका. बॅगा आणि चामड्याच्या वस्तूंकडेच तिचा ओढा राहिला, तर निफ्टच्या चेन्नई आणि कोलकाता केंद्रांत चर्म-डिझाइनची स्वतंत्र पदवी आहे.

माझे मत स्पष्ट आहे. दिवाळीची ऑर्डर नाकारा. मुलीची इच्छा असेल तर बोर्डाच्या परीक्षेनंतर, तिने केली तशीच बॅग, चेन आतल्या बाजूला ठेवून, १० नगांपासून सुरू करायची, असे दुकानाला कळवा. त्यांना तिच्या कामात खरोखर रस असेल तर ते थांबतील. इन्स्टाग्रामचे पान तिच्या हवाली करा. ते चालवायचे की बंद करायचे, हे तिने ठरवावे. परीक्षा संपल्यावर तिला त्या धारावीच्या कारागिराकडे काही आठवडे बसू द्या, आणि तिथे तुम्ही बरोबर जाऊ नका.

मुलीला स्वतःला काही विचारायचे असेल तर तिने मला स्वतंत्र पत्र लिहावे. ते पाठवण्यापूर्वी तुम्ही वाचू नये, एवढी विनंती आहे.