सोलापूरचा उन्हाळा, घरातली दोन मुलं आणि सुट्टीचं नियोजन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा सात वर्षांचा, मुलगी चार वर्षांची, दोघांना जूनपर्यंत सुट्टी. तुम्ही दोघंही नोकरीला जाता, घरी सासूबाई असतात. सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत मुलांना खाली सोडता येत नाही, मग रोज नवीन काय द्यायचं?

रोज नवीन देऊच नका, असं मी सांगेन. रोज नवा उद्योग म्हणजे रोज सामान शोधा, रोज समजावून सांगा, आणि अर्ध्या तासात मुलं पुन्हा "आता काय?" म्हणून सासूबाईंपुढे उभी. त्याऐवजी आठ-दहा दिवस चालेल असं एक काम हातात द्या. काल कुठे थांबलो होतो हे मुलाला सकाळी उठल्यावर आठवलं पाहिजे. त्याच्या जोडीला दोन-तीन छोट्या गोष्टी पुरतात.

पण त्याआधी तास ठरवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर असतो, त्यामुळे दिवसाचा साचा उन्हानंच घालून दिलेला आहे. साडेसहा ते साडेआठ गच्ची, झाडं, पाखरांचं पाणी आणि वाळवण. नऊ ते अकरा स्वयंपाकघराच्या आसपासची हातकामं. अकरा ते एक पंख्याखाली बसून करायचं लांबलचक काम. जेवणानंतर चारपर्यंत पडदे ओढून अंधारी खोली, झोप नाही आली तरी आडवं पडायचं. चार ते सहा बैठे खेळ, सहानंतर खाली. पसारा होणारं किंवा कात्री-गॅस लागणारं काही असेल तर ते तुम्ही घरी असताना, म्हणजे सकाळी लवकर किंवा रविवारी. सासूबाईंच्या वाट्याला वाकावं लागणार नाही आणि फरशी पुसावी लागणार नाही असंच काम ठेवा. नियोजन मोडतं ते बहुतेक इथेच.

लांब चालणारं काम म्हणून सोलापुरात विणकामाइतकं चांगलं दुसरं काही नाही. पूर्व भागात यंत्रमागांचा आवाज येतो आणि घरात चादर असतेच. आधी ती चादर मुलांसमोर पसरा आणि उलटी करून दाखवा. पुढच्या बाजूला जिथे लाल तिथे मागे पांढरं, असे रंग अदलाबदल झालेले दिसतील. हे कसं होतं, याचं कुतूहल सात वर्षांच्या मुलाला नक्की वाटतं. मग पुठ्ठ्याचा माग करा.

खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या, २० सेंमी रुंद आणि २५ सेंमी उंच. वरच्या आणि खालच्या कडेला दीड-दीड सेंटिमीटरवर १० खाचा पाडा, प्रत्येक खाच १ सेंमी खोल. खाचा सम संख्येतच हव्यात, कारण पुढे सांगतो. ताण्यासाठी, म्हणजे उभ्या धाग्यांसाठी, क्रोशाचा किंवा जाड सुती दोरा घ्या. सुतळीचे तंतू बोटांना टोचतात आणि लोकरीचा ताणा ताणला जाऊन ढिला पडतो. दोऱ्याचं टोक पुठ्ठ्यामागे चिकटपट्टीनं पक्कं करा. मग पहिल्या खाचेतून पुढे आणून खाली न्या, खालच्या खाचेमागून वळवून शेजारच्या खाचेतून वर, असं करत दहा उभे धागे पूर्ण करा. बोटानं दाबल्यावर धागा जरासा खाली जावा इतकाच ताण ठेवा. जास्त ओढलं तर पुठ्ठा वाकतो आणि मुलाचा हात धाग्याखाली जात नाही.

बाण्यासाठी, म्हणजे आडव्या विणायच्या पट्ट्यांसाठी, जुने टी-शर्ट कापा. पट्टी २ सेंमी रुंद आणि साधारण ६० सेंमी लांब असावी. त्याहून लांब पट्टी दर ओळीला आख्खी ओढून घ्यावी लागते, तिचा गुंता होतो आणि मूल कंटाळतं. पट्टीच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून ते कडक करा, म्हणजे सुई लागत नाही. एक धागा वरून, पुढचा खालून, असं विणत जायचं. आता सम संख्येचं कारण. धागे दहा असले की प्रत्येक ओळ, डावीकडून निघो की उजवीकडून, "वरून"नंच सुरू होते. मुलाला एवढा एकच नियम सांगायचा. विषम धागे घेतले तर एका बाजूनं वरून आणि दुसऱ्या बाजूनं खालून सुरुवात करावी लागते, आणि सगळा गोंधळ तिथेच होतो.

हमखास दोन गोष्टी बिघडतात. पहिली, पाच-सहा ओळींनंतर विणकाम मधोमध अरुंद होऊन कंबर पडते. मूल प्रत्येक ओळ शेवटी जोरात ओढतं म्हणून हे होतं. पट्टी सरळ ओढण्याऐवजी डोंगराच्या आकारात वर सैल ठेवायची आणि मग जुन्या फणीनं किंवा काट्याच्या चमच्यानं मधून कडेकडे खाली बसवायची, म्हणजे काठ सरळ राहतो. दुसरी, लागोपाठ दोन ओळी एकसारख्या विणल्या जातात. फणीनं दाबल्यावर त्या एकमेकींत बसून जाडजूड दिसल्या की ओळखायचं आणि वरची एक काढून टाकायची. सगळं उसवू नका, मुलाचा धीर सुटतो.

चार वर्षांच्या मुलीला हाच माग देऊ नका. तिला ६ धागे, अडीच-अडीच सेंमी अंतरावर, आणि पट्टी ३ सेंमी रुंद. उभे धागे आळीपाळीनं दोन रंगांचे घ्या, म्हणजे "लाल आला की वरून, पांढरा आला की खालून" असं सांगता येतं आणि परतताना उलट. तरीही दिवसाला दोन ओळी झाल्या तरी खूप म्हणा. तिचं लक्ष पंधरा मिनिटं टिकतं, दादाचं अर्धा तास. तिला कंटाळा आला की पट्ट्यांचे रंग वेगळे करून डब्यात भरायचं काम द्या. ते खरं काम आहे, दादाला त्याचा उपयोग होतो, आणि ती मन लावून करते.

मुलानं रोज चार-पाच ओळी विणल्या तर साधारण आठवड्यात त्याचं आसन पूर्ण होतं, पाण्याचा तांब्या ठेवण्याएवढं. काढताना वरचे-खालचे धागे कापून शेजारच्या दोन-दोनांची गाठ मारा, नाहीतर ओळी निसटतात. दुसऱ्या आठवड्यात त्याला खुबी दाखवा: प्रत्येक ओळीला वेगळी २५ सेंमीची पट्टी, एक लाल, एक पांढरी, एक लाल, एक पांढरी. आडवे पट्टे येतील असं वाटतं, पण ओळी घट्ट बसवल्या की उभे पट्टे दिसतात. लाल ओळ नेहमी त्याच धाग्यांवरून जाते म्हणून. हे त्याचं त्याला शोधू द्या, आधी सांगू नका. पट्ट्यांची टोकं कडेला मोकळी ठेवून शेवटी बांधली की झालर होते.

दुसरं काम वाळवणाचं. बहुतेक घरांत मुलांना "हात लावू नको" म्हणून बाजूला बसवतात, आणि तिथेच त्यांचा सगळा उत्साह जातो. कुरडयांचा चीक आणि सोऱ्या मोठ्यांनीच हाताळावा. मुलांसाठी साबुदाण्याच्या पापड्या घ्या. १ वाटी साबुदाणा २ वाट्या पाण्यात रात्री भिजवा. पहाटे ४ वाट्या पाणी उकळून त्यात जिरं, अर्धा चमचा मीठ आणि भिजलेला साबुदाणा घालून दाणे काचेसारखे दिसेपर्यंत, दहा-बारा मिनिटं, ढवळत शिजवा. मीठ चवीला कमीच वाटायला हवं, वाळल्यावर ते वाढतं. मग गॅसवरून उतरवून पंधरा-वीस मिनिटं मधून मधून ढवळत थांबा. बोट बुडवून चटका बसत नाही याची तुम्ही स्वतः खात्री केल्यावरच पातेलं मुलांपुढे ठेवा. हा पदार्थ चिकट असतो, गरम असताना हातावर सांडला तर पाण्यासारखा ओघळून जात नाही.

गच्चीवर जाड प्लास्टिकवर तेलाचा हात फिरवा, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवा. मुलगा पळीनं घालेल, मुलगी चहाच्या चमच्यानं. मिश्रण आपोआप पुरीएवढं पसरलं तर बरोबर. पातळ झालं तर पापडी काढताना फाटते, फार घट्ट झालं तर मधला भाग वाळत नाही आणि तळल्यावर कडक राहतो. दहा-दहाच्या रांगा घालायला सांगा, मोजणी आपसूक होते. आठच्या आत आटोपा आणि साडेआठला मुलं खाली, कारण त्यानंतर फरशी पायाला चटके देते. संध्याकाळी कडा सुटल्या तरी मधला भाग ओला असतो, ओढू नका. दुसऱ्या दिवशी उलटा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत दोन दिवस बहुतेक पुरतात. दोन बोटांत मोडल्यावर कटकन आवाज आला तरच डब्यात भरा, वाकली तर अजून एक ऊन. डब्यात बुरशी येते ती याच घाईमुळे. आणि दुपारी तीननंतर आभाळाकडे लक्ष ठेवा. वळवाचा पाऊस यायच्या आधी धुळीचा वारा येतो, आणि ओलसर पापडीवर बसलेली धूळ निघत नाही.

मुगाच्या डाळीचे सांडगेही मुलांना जमतात. फक्त त्यांचा गोळा मिरची घालण्याआधी वेगळा काढा. मिरचीचे हात डोळ्यांना लागले की तो दिवस संपला.

शेंगदाण्याची चटणी घरी होत असेल तर भाजून पूर्ण गार झालेल्या दाण्यांची सालं चोळून काढणं हे मुलांचं काम. सालं सुपात किंवा ताटात फुंकून उडवायला त्यांना फार आवडतं. पण चार वर्षांच्या मुलीच्या तोंडात आख्खा दाणा जाणार नाही एवढं सासूबाईंना सांगून ठेवा. दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो. तिला खायला कूटच द्या. पन्ह्यासाठी उकडलेल्या कैरीचा गर हातानं कुस्करणं हे तिचं काम. गराच्या दीडपट ते दुप्पट गूळ, चिमूटभर मीठ, वेलची. दुपारचं पेयही तयार.

पाण्याच्या खेळांबद्दल जरा जपून. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा टबभर पाणी रोज ओतणं शक्य नाही. संध्याकाळी पाचनंतर एका घमेल्यात चार लिटर पाणी, गाळणी, पेले, चाळणी एवढं पुरतं, आणि तेच पाणी मग कुंड्यांना. मात्र साठवणीची पिंपं आणि बादल्या झाकून ठेवा, झाकणावर वजन ठेवा. लहान मूल बादलीतल्या वीतभर पाण्यातही डोकं खाली जाऊन बुडू शकतं आणि आवाज होत नाही. दोन मिनिटांसाठीही तिला घमेल्याजवळ एकटं सोडू नका.

पाखरांसाठी पाणी मातीच्या पसरट भांड्यात, चार-पाच सेंमी खोल, मध्ये एक दगड ठेवून, सावलीत. उथळ भांड्यातच चिमण्या उतरतात. पाणी रोज बदला आणि दोन-तीन दिवसांनी भांडं आतून घासा, नाहीतर आठवड्या-दीड आठवड्यात तिथेच डासांची पैदास होते. मुलानं वहीत रेघा मारायच्या: चिमणी किती, साळुंखी किती, बुलबुल किती.

बी लावायचं असेल तर दोन सावधगिरी. आंब्याची कोय खाल्ल्यावर लगेच लावा, महिनाभर वाळलेली सहसा उगवत नाही. वरचं कवच तुम्ही कात्रीनं अलगद उघडा, आतली बी ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा आणि कोंब यायला दोन-तीन आठवडे धरून चाला. तोवर मुलांची उत्सुकता टिकावी म्हणून शेजारी काचेच्या पेल्यात ज्वारी रुजत घाला. पेल्याला आतून ओला टिपकागद लावायचा आणि कागद व काच यांच्या मध्ये दाणे बसवायचे, म्हणजे मूळ खाली आणि कोंब वर जाताना दिसतो. हे कोंब मुलांना खाऊ देऊ नका. कोवळ्या ज्वारीत विषारी द्रव्य असतं, जनावरांनाही ती बाधते. खायची मोड मटकीची किंवा मुगाची.

बैठ्या खेळांसाठी विकत काही आणू नका. चार चिंचोके फोडून त्यांच्या प्रत्येकी एक अर्धुक घ्या, खडूनं फरशीवर पाच बाय पाच घरांचा पट आखा. पांढऱ्या बाजू जितक्या वर, तितकी घरं. चारही पांढरे तर चार, चारही काळे तर आठ. मुलीसाठी एकच सोंगटी आणि मारामारी नाही. सासूबाईंना हा खेळ बहुधा तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला येत असेल, नियम त्यांच्याकडूनच घ्या. खेळ संपल्यावर चिंचोके मोजून डबीत.

आणि एक गोष्ट कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा. मेच्या १० ते १२ तारखांच्या सुमारास सोलापुरात दुपारी साधारण १२ वाजून २३ मिनिटांनी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. त्याआधी आठवडाभर रोज सकाळी साडेसातला गच्चीवर उभ्या बाटलीची सावली खडूनं आखा. त्या दिवसांत १२:२० ला टोपी आणि चप्पल घालून पाचच मिनिटं वर जा. बाटली सपाट जागेवर उभी हवी, गच्चीला पाण्यासाठी उतार असतो, तेव्हा खाली पाट ठेवून तो पातळीत आहे का ते पाहा. ढग आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा, फरक नजरेला जाणवणार नाही इतका कमी असतो.

उद्यापासून सुरुवात करायची तर आज रात्री पुठ्ठा कापून खाचा पाडा, दोन टी-शर्टांच्या पट्ट्या करा आणि साबुदाणा भिजत घाला.