देशात युद्ध सुरू आहे, सरकार पळून गेलंय, निघता येत नाही. अशा काळात मन कसं सांभाळायचं?

तुम्ही देशाचं नाव लिहिलेलं नाही, ते बरंच केलंत. प्रश्नात एवढंच आहे की नोकरीसाठी गेलात, तिथे लढाई पेटली, सरकार उरलं नाही, विमानतळ बंद आहे, रात्री झोप लागत नाही आणि घरच्यांना फोनवर "मी ठीक आहे" असं खोटं सांगावं लागतं. मी डॉक्टर नाही. आयुष्यभर हिशेब लिहिले. पण १९९० च्या ऑगस्टमध्ये मी कुवेतमध्ये होतो, तेवढ्या अधिकारावर लिहितो.

२ ऑगस्टला गुरुवार होता. पहाटे हेलिकॉप्टरच्या आवाजानं जाग आली आणि मी कूस बदलून पुन्हा झोपलो. दुपारपर्यंत कळलं की इराकी फौजा शहरात आहेत आणि कुवेतचे राज्यकर्ते, अमीर, सौदीला निघून गेलेत. म्हणजे सकाळी उठलो तेव्हा एक देश होता आणि जेवायच्या वेळेला नव्हता. सिग्नल मात्र चालू होते. लाल, पिवळा, हिरवा, आणि रस्त्यावर पाहायला कुणी नाही. ते दृश्य मला रणगाड्यांपेक्षा जास्त लागलं होतं, का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

आता सांगता येतं. गोळीची भीती वाटते ती आवाज येतो तेवढ्यापुरती. आवाज थांबला की शरीर आपोआप सैल पडतं. माणूस पोखरला जातो तो हिशेब लागेनासा झाल्यामुळे. माझ्या खिशात कुवेती दिनार होते, जगातल्या सगळ्यात महागड्या नाण्यांपैकी एक. नव्या मालकांनी तो इराकी दिनाराच्या बरोबरीचा ठरवला आणि सप्टेंबरअखेर चलनातूनच काढून टाकला. अकरा वर्षांची नोकरी, कंपनीकडे अडकलेली ग्रॅच्युइटी, बँकेतली शिल्लक, इकाम्यावरचा (तिथे राहण्याच्या परवान्यावरचा) शिक्का, यातल्या कशाचा अर्थ उद्या काय असेल ते सांगणारा माणूसच जागेवर नव्हता. २८ ऑगस्टला जाहीर झालं की आपण आता इराकच्या एकोणिसाव्या प्रांतात राहतो. मग गाड्यांच्या नंबर प्लेटा बदलायचा हुकूम निघाला. हे वाचून आज हसू येतं. तेव्हा रात्री दोन वाजता गाडीच्या नंबर प्लेटचा विचार करत मी छताकडे बघत पडलेला असायचो, आणि गाडी माझी नव्हतीच, कंपनीची होती.

तुम्हाला झोप न येण्याचं कारण बहुतेक असंच काहीतरी असेल. मोठी भीती कोपऱ्यात उभी राहते आणि छोटी बडबड करत राहते.

मला उपयोग झाला तो एका वहीचा. कसलं तत्त्वज्ञान सुचलं म्हणून नव्हे, हात रिकामे बसेनात म्हणून ५ ऑगस्टला एक जुनी लेजर उघडली. सालमिया या कुवेतमधल्या वस्तीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये तोवर सात जण जमले होते: दोन केरळी, एक हैदराबादी, तिघे गोव्याचे आणि मी. बायको-मुलगी सुटीला भारतात गेल्या होत्या. वहीत रोज लिहायचो: टाकीत पाणी किती, तांदूळ किती, मेणबत्त्या किती, आज खबूसच्या (तिथल्या रोटीच्या) रांगेत कोण उभा होता, उद्या कोण. रात्री आठला वही बंद. रोजकीर्द असते तशी, दिवस संपला की शिल्लक काढायची आणि रेघ मारायची. बाहेरचं एकही खातं बंद होत नव्हतं, हे एक व्हायचं.

त्याच वहीत उजवीकडे एक रकाना ओढला होता, 'ऐकीव' नावाचा. याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त याचाच उपयोग होईल. अफवा ऐकली की ती तारखेसह लिहायची, कुणाकडून आली ते लिहायचं, आणि पुढे काय निघालं त्यासाठी जागा रिकामी सोडायची. आज रात्री गॅस सोडणार. सगळ्या भारतीय पुरुषांना बगदादला नेणार. उद्या पाणी तोडणार. आपला दूतावास इराकमधल्या बसऱ्याला हलणार. जॉर्डनहून विमानं सुटणार. निघेपर्यंत सदतीस नोंदी झाल्या होत्या आणि खऱ्या निघाल्या फक्त चार. दूतावास खरंच बसऱ्याला हलला, विमानंही खरंच सुटली. पण गंमत अशी की जी अफवा सांगताना माणसाचा आवाज कापायचा ती जवळजवळ कधीच खरी निघाली नाही, आणि खऱ्या चारही जमियाच्या (सहकारी दुकानाच्या) रांगेत कुणीतरी जांभई देत सांगितलेल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात हैदराबादी मित्र धापा टाकत जिना चढून आला, तोंड उघडलं, आणि आम्ही सगळे एका सुरात ओरडलो, "लिहून घ्या!" त्यालाही हसू आलं. त्या घरातलं ते पहिलं हसू.

तुमच्याकडे मोबाईल आहे, म्हणजे अफवा मिनिटामिनिटाला येत असणार. आमच्याकडे ट्रान्झिस्टर होता आणि बातम्या ठरावीक वेळेला लागायच्या. ती सोय होती हे आज कळतं. दिवसातून दोन वेळा बातम्या बघा, वेळ ठरवून. गटातल्या एकाला ते काम द्या आणि बाकीच्यांनी त्याला विचारा.

कामं वाटून घ्या हे मी सांगायला नको, पण ज्याला कामाची गरज आहे आणि तो ती बोलून दाखवत नाही, त्याच्याकडेही लक्ष ठेवा. आमच्यातला सगळ्यात धडधाकट माणूस, बांधकामावरचा फोरमन, दहाव्या दिवशी उठेनासा झाला. पांघरूण डोक्यावर घेऊन पडून राहायचा. समजावून, देवाचं नाव घेऊन, रागावून काही झालं नाही. मग केरळी मित्रानं त्याला विचारलं, "खालच्या मजल्यावर म्हातारी एकटी आहे, तिचं पाणी कोण चढवणार?" तो उठला. रोज दोन बादल्या. बरा झाला असं म्हणणार नाही, पण दोन बादल्यांपुरता उठायचा.

रडू आलं तर येऊ द्या, आणि नाही आलं तर आपल्यात काही कमी आहे असं समजू नका. मला तिथे एकदाही आलं नाही. चेकपोस्टवर शिपाई बंदूक रोखून "हिंदी?" विचारायचा (अरबीत म्हणजे भारतीय का), मी मान हलवायचो आणि बहुतेक वेळा तो सोडून द्यायचा. एकानं तर हिंदी सिनेमातल्या गाण्याची ओळ गुणगुणली. आमच्या सरकारचे बगदादशी संबंध बरे होते. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल तिथे गेले तेव्हा सद्दामनं त्यांना मिठी मारली, तो फोटो जगभर छापला गेला आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली. आम्हाला ती मिठी म्हणजेच परवाना होता. कुवेती शेजाऱ्यांच्या वाट्याला त्याच चौक्यांवर काय येत होतं ते आम्ही पाहत होतो. आपण सुटतोय आणि शेजारी सुटत नाही, याचं जे ओझं असतं त्याबद्दल कुणी बोलत नाही.

माझं ओझं वेगळं आहे. वरच्या मजल्यावर एक आंध्रची बाई घरकामाला होती. मालक कुटुंबासकट निघून गेला, तिचा पासपोर्ट त्याच्याकडे. तेव्हा पासपोर्ट मालकाकडे असणं ही तिथली रीतच होती. सप्टेंबरमध्ये आम्ही बसचे पैसे भरले तेव्हा ती खाली आली आणि एवढंच विचारलं, "अण्णा, कागदाशिवाय घेतात का?" मी म्हणालो, चौकशी करतो. चौकशी केलीही, एकदा. दुसऱ्या दिवशी पहाटे बस होती. कागद नसलेल्यांनाही पुढे प्रवासाचे कागद करून मिळाले, हे मला जॉर्डनच्या राजधानीत, अम्मानला पोचल्यावर कळलं. तिचं काय झालं ते आजतागायत माहीत नाही. वहीच्या शेवटच्या पानावर तिचं नाव आहे आणि समोरचा रकाना रिकामा.

हे तुम्हाला सांगतोय ते यासाठी की मन नंतर नेमकं इथे अडकतं. बाँब, रणगाडे, वाळवंटातली छावणी हे सगळं माझ्या स्वप्नात पुढे कधी फारसं आलं नाही. "चौकशी करतो" हे दोन शब्द येतात. म्हणून आत्ता, तिथे असताना, कुणासाठी पाच मिनिटं जास्त देता येत असतील तर द्या. पुण्य म्हणून नव्हे, स्वार्थ म्हणूनच द्या. आणि नाही देता आली तर जे झालं ते तारखेसकट लिहून ठेवा. लिहिलेलं ओझं तेवढंच राहतं, न लिहिलेलं दरवर्षी वाढतं, निदान माझा अनुभव असा.

कुवेत, बसरा, बगदाद, मग जॉर्डनची सीमा आणि वाळवंटातले तंबू. पाण्याच्या टँकरमागे धावणं. त्यावर फार लिहीत नाही. १३ ऑगस्टपासून एअर इंडियाची विमानं अम्मान-मुंबई फेऱ्या मारत होती, त्यांनी एक लाखाहून जास्त माणसं आणली. त्यातला मी एक.

घरी आल्यावर प्रत्येक जण म्हणायचा, सांग ना काय काय झालं, बोललास की मोकळं वाटेल. मला वाटायचं नाही. पुढे वाचलं की जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला असाच आहे: एवढ्या मोठ्या धक्क्यानंतर माणसाला लगेच खोदून खोदून बोलतं करू नये, त्यानं फायदा होत नाही. बोलावंसं वाटेल तेव्हा ऐकणारं कुणी हवं, एवढं पुरे. मला बोलावंसं वाटलं ते १९९१ च्या दिवाळीत, फटाक्यांच्या आवाजानं मी पलंगाखाली हात घालून चपला शोधायला लागलो तेव्हा. त्या रात्री रडू आलं, चौदा महिन्यांनी.

याच संघटनेचा २०१९ चा अंदाज आहे की संघर्षाच्या प्रदेशात राहणाऱ्या सुमारे २२ टक्के लोकांना नैराश्य, चिंता, आघातानंतरचा तणाव असा काहीतरी मानसिक आजार असतो. म्हणजे पाचांत एक, आमच्या फ्लॅटमधल्या सातांत एक किंवा दोन. फोरमन नक्की त्यातला, दुसरा कदाचित मी. तेव्हा सुरक्षित जागी पोचल्यावर महिना उलटूनही झोप येत नसेल, तेच ते डोळ्यांसमोर येत असेल, दारू वाढली असेल, तर डॉक्टरकडे जा, याला औषध आहे, उपचार आहेत. आणि जगू नये असं वाटायला लागलं तर महिन्याची वाट बघू नका. आज, शेजारी जो कोणी आहे त्याला सांगा, आणि त्या रात्री एकटे झोपू नका.

पैशाचं विचाराल तर, १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जिनिव्हात नुकसानभरपाईसाठी आयोग नेमला. फॉर्म भरले, काही वर्षांनी थोडे पैसे आलेही. त्या आयोगानं एकूण सुमारे ५,२४० कोटी डॉलर वाटले आणि शेवटचा हप्ता गेला जानेवारी २०२२ मध्ये. एकतीस वर्षं खातं उघडं होतं. तुमचे कागद, नोकरीचं पत्र, पगाराच्या पावत्या, सगळ्याचे फोटो काढून आजच घरी पाठवा. मनाच्या प्रश्नाला हे उत्तर विचित्र वाटेल, पण ते पाठवल्यावर त्या रात्री बरी झोप लागते.

आता तुमच्या "मी ठीक आहे"कडे येतो. आमच्या दोघांत जास्त कोण मोडलं असं विचारलंत तर मी नाही, माझी बायको. परदेशी फोन बंद, पत्रं बंद. मला निदान पाणी भरायचं होतं, वही लिहायची होती. तिच्याकडे फक्त रेडिओ आणि दूरदर्शन होतं आणि करायला काहीच नव्हतं. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतर अमेरिकेत एक पाहणी झाली होती. जे लोक पुढचे दिवस रोज सहा तास किंवा जास्त त्याच बातम्या बघत बसले, त्यांच्यावरचा ताण प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त निघाला. मी ते तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "यासाठी पाहणी करावी लागली?"

म्हणून घरच्यांना "ठीक आहे" म्हणू नका, त्यांना ते खोटं आहे हे कळतंच. त्यांना मोजता येईल असं काहीतरी द्या: आज पाणी आलं, आम्ही पाच जण एकत्र आहोत, तळमजल्यावर झोपतो. त्यांना एखादं काम द्या, दूतावासाकडे नाव नोंदवणं, कागद सांभाळणं, तुमच्या मित्रांच्या घरी निरोप देणं. आणि फोन ठेवायच्या आधी पुढचा फोन कधी येईल ते सांगा, शिवाय नेटवर्क गेलं तर किती दिवस गप्प राहिलात तरी घाबरायचं नाही तेही सांगा. आकडा मोठाच सांगा. मी अम्मानहून फोन केला तो १८ सप्टेंबरला. तिकडून आवाज आला, "सत्तेचाळीस." हॅलो नाही, माझं नाव नाही. ती दिवस मोजत बसली होती.