जपानने दारं बंद ठेवून प्रगती केली, हा दाखला चुकीचा आहे

काही देश झपाट्याने पुढे जातात आणि काही रखडतात ते का, हा तुमचा प्रश्न मोठा आहे. भांडवल, शिक्षण, कारभार हे सगळं त्यात येतं आणि ते तुम्ही वाचलेलं असणारच. मला लिहावंसं वाटलं ते शेवटच्या ओळीमुळे: ‘जपान दोनशे वर्षं जगापासून अलिप्त राहिला, तरी पुढे गेलाच ना?’ हा दाखला ऐकून ऐकून डोकं उठलंय.

मुळात दार पूर्ण बंद नव्हतंच. १६३५ मध्ये जपानी माणसाला परदेशी जायला बंदी झाली, १६३९ मध्ये पोर्तुगीजांना हाकललं आणि १६४१ मध्ये डचांना नागासाकीजवळच्या देजिमा या कृत्रिम बेटावर नेऊन बसवलं. पण चिनी व्यापारी नागासाकीत येतच होते, त्सुशिमा बेटामार्गे कोरियाशी देवघेव चालूच होती. १७२० मध्ये शोगुन (म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश) योशिमुनेने परदेशी पुस्तकांवरची बंदी सैल केली, ख्रिस्ती धर्माची तेवढी वगळून. १७७४ मध्ये सुगिता गेनपाकू आणि सहकाऱ्यांनी शरीररचनेचं डच पुस्तक जपानीत आणलं. पाश्चात्त्य विज्ञान जे काही आत आलं ते या फटीतून. त्याचं श्रेय बंद दाराला कसं देता?

आणि किंमत काय मोजली? १८५३ मध्ये अमेरिकी नौदलाचा पेरी चार युद्धनौका घेऊन आला, तेव्हा समोर उभं करायला आरमारच नव्हतं, कारण समुद्रापार जाणारी मोठी जहाजं बांधायचीच मनाई होती. मग अमेरिका आणि युरोपातल्या देशांशी १८५८ चे करार निमूटपणे करावे लागले. परदेशी माणसावर जपानी कायदा चालेना. १८६६ मध्ये आयातकर ५ टक्क्यांच्या आसपास गोठवला गेला आणि तो स्वतः ठरवायचा पूर्ण अधिकार परत मिळायला १९११ उजाडलं. खरी घोडदौड झाली ती दार उघडल्यावर. १८७२ ची तोमिओकाची रेशीमगिरणी घ्या: यंत्रं फ्रान्सची, उभारणारा तज्ज्ञ पॉल ब्र्यूना फ्रेंच. तिथे शिकलेल्या मुली आपापल्या भागात परतल्या, गिरण्यांतून इतरांना शिकवू लागल्या, आणि पुढच्या गिरण्यांनी तेच तंत्र स्वस्त साहित्यात बसवलं.

‘सगळं इथेच बनवू’ म्हणणाऱ्यांनी एक साधं बेअरिंग, म्हणजे यंत्राचा दांडा अलगद फिरू देणारं कडं, बनवायला घेऊन पाहावं. त्याला सुमारे १ टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असलेलं पोलाद लागतं. त्यात ऑक्साइडचे बारीक कण राहिले की तिथूनच तडे जातात, म्हणजे पोलाद शुद्ध करायची वेगळी सोय हवी. मग कठीण करायची भट्टी, मायक्रॉनपर्यंत (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत) घासणारी ग्राइंडिंग यंत्रं आणि तितकंच अचूक मोजणारी साधनं. यातलं प्रत्येक यंत्र पुन्हा बेअरिंगवरच फिरतं! त्यात आकार शेकडो, आणि छोट्या देशात एकेका आकाराची मागणी जेमतेम. साचे, मांडणी यांचा खर्च निघत नाही, म्हणून दोन-चार आकार काढून भागवलं जातं आणि बाकी ठिकाणी जुळवाजुळव. असं न जुळणारं बेअरिंग लावलेला पंप वर्षभरातच बंद पडतो, त्याच्यामुळे कारखाना थांबतो. ग्राहकाला दुसरीकडे जाता येत नसल्यामुळे बनवणाऱ्याला आपला माल किती वाईट आहे हे कळायचा मार्गच उरत नाही. माझ्या मते अलिप्ततेचा सगळ्यात मोठा तोटा हाच.

उत्तर कोरियाच्या ‘स्वावलंबी’ शेतीला खतं आणि विजेवरचे पंप लागत होते, आणि त्यामागे सवलतीत मिळणारं तेल आणि सुटे भाग होते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाने रोकड डॉलर मागितले. तेल आटलं, खतांचे कारखाने मंदावले, वीज गेली, पिकं घटली. त्यावर १९९५ चे पूर आले आणि दुष्काळात लाखो माणसं मेली.

इथे कोणीतरी म्हणणार, दक्षिण कोरियानेही आयातीवर निर्बंध घातलेच होते की. घातले होते. पण संरक्षण वेगळं आणि अलिप्तता वेगळी, हे लोकांच्या गळी उतरत नाही. तिथे स्वस्त कर्ज हवं असेल तर निर्यात करून दाखवावी लागे, आणि राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही दर महिन्याला निर्यातीच्या बैठकीला स्वतः बसत. १९६४ मध्ये १० कोटी डॉलर असलेली निर्यात १९७७ मध्ये १,००० कोटींवर गेली. ह्युंदाईची ‘पोनी’ मोटार निघाली तीही इंजिन मित्सुबिशीचं, आरेखन इटलीच्या जुजारोचं आणि सूत्रं ब्रिटिश लेलँड या मोटार कंपनीतून आलेल्या जॉर्ज टर्नबुलकडे, अशी. उसनं घ्यायला त्यांना लाज वाटली नाही. परदेशी ग्राहक माल परत पाठवतो, तो घरच्या ग्राहकासारखा गप्प बसत नाही. काही देश वेगाने का शिकतात याचं निदान अर्धं उत्तर इथे आहे.

एक मात्र मान्य करतो. दार धाडकन उघडलं तर पायही चेंगरतो. जपानात सोन्या-चांदीचं प्रमाण साधारण १ ला ५ होतं, म्हणजे एक भाग सोन्याला पाच भाग चांदी; बाहेर १ ला १५. बंदरं उघडताच परदेशी व्यापारी चांदी आणून सोन्याची नाणी नेऊ लागले आणि एका फेरीत तिप्पट कमावू लागले. १८६० मध्ये शोगुनशाहीने खूपच कमी सोन्याची नवी नाणी पाडली. गळती थांबली, पण महागाई भडकली.