सी, लुक आणि वॉच तिन्हींचा अर्थ 'बघणे'च आहे ना? मग कधी कुठला वापरायचा?

डिक्शनरीत तिन्हींपुढे पाहणे, बघणे असंच छापलेलं असतं, त्यामुळे गोंधळ होणारच, माझा तर कित्येक वर्षं व्हायचा. सुटला तो एका साध्या मराठी वाक्यामुळे: 'मी बघितलं, पण मला दिसलं नाही.' यातलं बघणं म्हणजे लुक आणि दिसणं म्हणजे सी. आय लुक्ड, बट आय डिडन्ट सी इट. हा फरक आपल्या भाषेत आधीपासून आहे, फक्त तो असा जोडून कोणी शिकवत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

सी म्हणजे डोळे उघडे आहेत म्हणून आपोआप दिसणं, म्हणूनच या अर्थी त्याला सहसा आयएनजी लावत नाहीत. 'मला पक्षी दिसतोय' म्हणजे आय कॅन सी अ बर्ड, आय ॲम सीइंग अ बर्ड नाही. आणि आय ॲम सीइंग हर म्हटलं की अर्थच बदलतो, तिच्याशी प्रेमसंबंध आहेत असा होतो, तेव्हा हे पक्कं लक्षात ठेवा.

लुक म्हणजे मुद्दाम नजर वळवणं. कशाकडे ते सांगायचं असेल तर पुढे ॲट येतं, 'माझ्याकडे बघ' मधलं 'कडे' म्हणजे ॲट समजा, लुक ॲट मी.

वॉचसाठी वॉचमन आठवा, तो नुसती नजर टाकत नाही, तासन्‌तास लक्ष ठेवून असतो कारण पुढे काहीतरी घडू शकतं. म्हणून मॅच, टीव्ही यांना वॉच, पण फोटोला लुक ॲट, कारण फोटोत पुढे काही घडणार नसतं. पिक्चरला मात्र सी आणि वॉच दोन्ही चालतात, थिएटरला जाऊन बघितला तर बरेचदा सी म्हणतात.

आता एक जागा जिथे माझी वरची युक्ती फसते. 'तू दमलेला दिसतोस' यात दिसणं आहे पण इंग्लिशमध्ये यू लुक टायर्ड, सी नाही. कोण कसं दिसतंय हे सांगताना कायम लुक.

हिअर आणि लिसनचंही असंच आहे बरं का, ऐकू येणं आणि कान देऊन ऐकणं. फोनवर 'माझा आवाज येतोय का?' तर कॅन यू हिअर मी, आणि 'अरे माझं ऐक जरा' तर लिसन टू मी, तो टू विसरू नका.