रिपोर्टातलं ‘म्युटेशन’ मुलांमध्ये उतरतं का?

मेंदूच्या गाठीचा रिपोर्ट हातात आला की उपचारांच्याही आधी एक प्रश्न हमखास येतो: जीनमध्ये दोष लिहिलाय, मग मुलांचं काय?

एका ताईंचं सांगते. (तपशील बदललेत.) नवऱ्याला फिट आली, एमआरआयमध्ये गाठ दिसली, ऑपरेशन झालं. रिपोर्ट होता: ऑलिगोडेंड्रोग्लिओमा (मेंदूच्या गाठीचा एक प्रकार), ग्रेड २, आयडीएच म्युटंट (म्हणजे आयडीएच नावाच्या जीनमध्ये बिघाड), १पी/१९क्यू को-डिलीशन (गुणसूत्रांचे हे दोन तुकडे गळालेले). ‘म्युटंट’खाली पेनाने दोन रेघा ओढलेल्या. दीर म्हणाले होते, पुतणीची सोयरीक ठरेपर्यंत कुठे बोलू नका. ताई दोन्ही मुलांचं रक्त तपासायला निघाल्या होत्या.

रिपोर्टातल्या एका शब्दावरून अख्ख्या घराण्यावर खापर फुटतं, याचा मला फार त्रास होतो.

मी त्यांना तपासणीच समजावली. गाठीचा पातळ काप काचेवर घेऊन अशी प्रक्रिया करतात, की आयडीएचमधला नेहमी आढळणारा बिघाड असलेल्या पेशी तपकिरी दिसतात. त्याच कापातल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी मात्र रंगत नाहीत. दोष जन्मापासून अंगात असता, तर त्याही रंगल्या असत्या.

“म्हणजे दोष गाठीत आहे, यांच्या रक्तात नाही?”

“बरोबर. आणि तुम्ही रेघा मारलेला शब्द तसा दिलासा देणारा आहे.”

आयडीएच म्युटेशन असलेल्या गाठी सहसा सावकाश वाढतात. त्यात १पी/१९क्यूचे तुकडे गळालेले असतील, तर रेडिएशन आणि केमोला प्रतिसादही चांगला मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणात अशा गाठीचं नावच या तपासण्यांवर ठरतं. मोठ्या माणसात सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य दिसणारी गाठसुद्धा, आयडीएच म्युटेशन नसेल आणि ठरावीक जनुकीय खुणा सापडल्या, तर ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे फार आक्रमक प्रकारची गाठ, ठरते. मग उपचारांची दिशा वेगळी. आयडीएच म्युटंट ग्रेड २ गाठींसाठी ऑपरेशननंतर द्यायच्या व्होरासिडेनिब या गोळीला २०२४मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आहे.

तरीही घरातल्या तीन पिढ्यांचे आजार मी विचारतेच. कमी वयात अनेकांना कर्करोग झाला असेल किंवा अंगावर कॉफीच्या रंगाचे बरेच डाग असतील, तर आनुवंशिक तपासणीचा विचार होतो. तीही आधी रुग्णाची, मुलांची नंतर. त्यांच्याकडे असं काहीच नव्हतं. मुलांची तपासणी रद्द झाली.

मग आम्ही डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून काढले. पहिला होता: रेडिएशन लगेच द्यायचं, की एमआरआयवर लक्ष ठेवत थांबता येईल? दुसरा ताईंनीच घातला: “दिरांना हे सगळं आमच्यासमोर समजावाल का?”